आधी चहा, मग नोंद

सतारपेठ चौकीच्या भिंतीवर नियमांचे तीन फलक होते, पण आम्ही मनापासून पाळायचो तो चौथा नियम, आणि तो कुठंच लिहिलेला नव्हता. तो आमच्या चौकीप्रमुखांचा, तात्या जमदाड्यांचा होता. आधी चहा, मग नोंद.

भांडत आलेल्या माणसांना तात्या पहिल्यांदा बाकावर बसवायचे, तेही शेजारी शेजारी. मग खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्या टपरीवाल्या बंडाला बोटं दाखवायचे. जितकी बोटं तितके कप. हातात गरम कप असला की माणसाला दुसऱ्याची गचांडी धरता येत नाही, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. चहाला नाही म्हणायची सोय नव्हती. फिर्यादी असो, आरोपी असो, पित्ताने हैराण झालेला असो, कप रिकामा झालाच पाहिजे. निम्मी भांडणं त्या कपातच विरून जायची आणि नोंद करण्यासारखं काही उरायचंच नाही. "झाला का चहा? मग जावा आता घरला," असं तात्या म्हणायचे आणि माणसं खरंच घरी जायची.

मी उज्ज्वला मगदूम. त्या चौकीत मी चौदा वर्षं काढली आणि यंदा, २०४४ च्या मार्चअखेर, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात चांगली ठाणी मिळाली, गार हवेच्या खोल्या मिळाल्या. पण नोकरी म्हटलं की मला ती दोन खोल्यांची कौलारू चौकीच आठवते. आमचं गाव कृष्णाकाठचं आणि सतारपेठ म्हणजे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली. सकाळपासून भोपळे कापल्याचे, लाकूड तासल्याचे आवाज, लाखेचा वास, आणि उन्हं कलली की कुठल्या ना कुठल्या दुकानात तंबोरा जुळायला लागायचा. एकाचा षड्ज लागला की शेजारचा आपला त्यावर तपासून घ्यायचा. आम्ही गणवेशात बसून फुकटात ऐकायचो. धाकट्याच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा तात्यांनी माझी खुर्ची खिडकीशी ओढली आणि सहा महिने माझी गस्त स्वतः घातली, कुणाला न सांगता. माझ्या घरी वडिलांच्या फोटोशेजारी तात्यांचा फोटो आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर विश्वास किती ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तर यंदा ती चौकी ठेवायची की बंद करायची यावर पेठेत मतदान होतं. नव्या कायद्याने दर पाच वर्षांनी प्रत्येक प्रभागाला विचारलं जातं की तुमच्या वाट्याचा पोलिसांवरचा खर्च तसाच ठेवायचा, का तो काढून मदत पथकाला द्यायचा. मदत पथकात एक परिचारिका, एक समुपदेशक आणि एक भांडणं मिटवणारा मध्यस्थ असतो. बॅटरीच्या गाडीतून येतात, हातात काठी नसते. पेठेत दोन तट पडले. एक म्हणे, चौकी बंद करा. दुसरा म्हणे, चौकी ठेवा, पण तिच्यावर साक्षतार बसवा. दुसऱ्या तटाने मतदानाआधीच्या सभेत बोलायला मला उभं केलं होतं. पहिल्या तटाची पुढारी होती तबस्सुम, दस्तगीरभाई तंबोरेवाल्यांची मुलगी. आता नावाजलेली वकील झाली आहे, पण लहानपणी चौकीच्या पायरीवर बसून मला पाढे म्हणून दाखवायची.

साक्षतार ही काय भानगड आहे ते सांगते. मला स्वतःला कळायला खात्याची दोन शिबिरं लागली. आपल्या रस्त्याखालून काचेच्या केसाएवढ्या तारा गेलेल्या असतात, त्यांतून उजेड धावतो आणि आपले निरोप नेतो. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच. त्या प्रत्येक खोटीवर आपटून उजेडाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. तो किती वेळाने परतला यावरून तारेच्या कुठल्या जागेवरून आला हे कळतं. आता त्या जागी कुणी पाय आपटला, दार लोटलं, नुसतं बोललं, तरी काच काही अणूंच्या रुंदीइतकी ताणली जाते आणि परतणाऱ्या उजेडाची लय किंचित चुकते. ती चूक मोजली की आवाज मिळतो. चौकीच्या भिंतीतून अशी तार फिरवली की त्या खोल्यांत जे काही होतं त्याची साक्ष राहते, आणि ती बंद करायचं बटण चौकीत कुणाच्याच हाती नसतं.

इथवर ठीक होतं. पण तीन वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेने दाखवून दिलं की जुन्या तारांनीही ऐकलेलं आहे. तारा टाकणाऱ्या कंपन्या परतणारा उजेड साठवून ठेवायच्या. कुठं कुणाच्या फावड्याने तार तुटली ते शोधायला त्यांना तो लागायचा. साठवायला काही खर्च पडत नव्हता, म्हणून कुणी तो पुसला नाही. आणि तार टाकणारे कामगार शेवटच्या खोलीत जादा तारेचं वेटोळं सोडून जातात, उद्या लागली तर असावी म्हणून. एका जागी इतके मीटर काच, म्हणजे तिथं तार सगळ्यात बारीक ऐकते. आमच्या चौकीच्या मागच्या खोलीत खिळ्याला असं अठरा मीटरचं वेटोळं टांगलेलं होतं. मी त्याच्यावर ओला रुमाल वाळत घालायची.

सरकारने मग जुन्या उजेडाचा कायदा केला. चौकीत ज्याला आणलं होतं तो माणूस, किंवा त्या दिवशीची नोंद ज्याने लिहिली तो पोलीस, या दोघांपैकी एकाने अर्ज केला तर त्या दिवसाचा उजेड उघडायचा. मुदत एक वर्षाची. यंदाच्या तीस एप्रिलनंतर सगळा जुना साठा कायमचा पुसला जाणार होता. मतदान त्यानंतरच्या रविवारी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तबस्सुम घरी आली. मी चहा टाकला.

"मावशी, तुम्ही माझ्याविरुद्ध बोलणार म्हणे."

"तुझ्याविरुद्ध न्हाई गं. चौकीच्या बाजूनं."

"एकच झालं की." ती हसली, पण लगेच वकिलीवर आली. "तुमची साक्षतार म्हणजे मारून झाल्यावर कुणी मारलं ते विचारणं. मी म्हणते मारच नको. दहातली आठ कामं अशी असतात की तिथं गणवेश लागतच नाही. दारू पिऊन पडलेला, हरवलेली म्हातारी, भावाभावांचा बांध. काठी हातात दिली की वापरावीशी वाटते. द्यायचीच कशाला?"

"आणि उरलेल्या दोन कामांचं काय? नदीपल्याडच्या प्रभागात चौकी बंद केली. पथक अकरा मिनिटांत येतं, मला मान्य हाय. पर गेल्या साली एकजण कोयता घेऊन बायकोच्या दारात उभारला, तवा पथक गाडीच्या काचा वर करून ठाण्याला फोन लावत बसलं. त्या बाईची तीन बोटं गेली."

"आणि बाजारातल्या चौकीत साक्षतार बसवली, तिथं काय झालं? मार थांबला. पण पोलीस बोलायचेच थांबले. फलक वाचून दाखवल्यासारखं बोलतात. खर्च तेवढाच, माणसं तेवढीच, भिंतीला फक्त कान फुटला."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बाजार चौकीत मी गेले होते. तिथं आलेल्या बाईला कुणी बस सुद्धा म्हटलं नव्हतं. मला तात्यांची फार आठवण आली होती तेव्हा. तसं मी तबस्सुमला म्हटलंही. "तात्या असते तर यातलं काहीच लागलं नसतं."

"हे नाव अब्बांसमोर काढू नका हं," ती सहज म्हणाली. "चौकीचा विषय निघाला की ते उठून भोपळ्यांच्या खोलीत जातात. का, ते कधी सांगत नाहीत."

का ते मला ठाऊक होतं. मी कप उचलले आणि विसळायला आत गेले.

एकोणतीस सालच्या नोव्हेंबरातला तो मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. एका बड्या घराण्यातला जुना तंबोरा दस्तगीरभाईंकडे दुरुस्तीला आला होता. परत गेलेला तंबोरा आपला नव्हेच, बदलून दिला, अशी त्या घरातून तक्रार आली. तात्यांनी तो तंबोरा चौकीत मागवला, दस्तगीरभाईंना बोलावून घेतलं आणि मागच्या खोलीत बसवलं. त्या वेळी मी बाहेर नळावर तोंड धूत होते. आतून एक आवाज आला. मी आत गेले तेव्हा दस्तगीरभाई डावा कान धरून बसले होते आणि तात्या खिडकीकडे बघत होते. नंतर चहा झाला. मग तात्यांनी सांगितलं तसं मी नोंदवहीत लिहिलं, "चौकशीकामी बोलावले, समज देऊन सोडले."

पुढच्या आठवड्यात उघड झालं की खरा तंबोरा त्या घरातल्याच एका पोराने आधीच विकला होता आणि दुरुस्तीला दुसराच पाठवला होता. तात्या दस्तगीरभाईंच्या दुकानात जाऊन तासभर बसून आले. काय बोलले ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

त्याआधी दस्तगीरभाईंकडे धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई जवारी लावून घ्यायला यायचे. जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसाकेसाने सरकवत ती जागा शोधायची, जिथं तार वाजता वाजता गुंजायला लागते. ते काम हाताचं कमी आणि कानाचं जास्त. त्या हिवाळ्यानंतर दस्तगीरभाईंनी जवारी सोडली. भोपळे निवडायचे, कापायचे, चिकटवायचे, एवढंच करू लागले. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. पेठेत म्हणायचे, माणसाचं मन उडालं. मीही तसंच म्हणायची.

तबस्सुम गेली आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दस्तगीरभाईंच्या दुकानात गेले. ते भोपळ्यांच्या राशीत बसून एकेक भोपळा बोटाने टिचकी मारून बघत होते. मला बघून त्यांनी अंग फिरवून उजवी बाजू माझ्याकडे केली. गेली पंधरा वर्षं ते माझ्याशी असेच बोलत आले होते, आणि ते कशासाठी हे त्या सकाळी माझ्या ध्यानात आलं.

"बसा ताई."

"दस्तगीरभाई, तीस तारखेला जुना उजेड पुसणार हायत. तुम्ही अर्ज केला न्हाई."

त्यांनी हातातला भोपळा खाली ठेवला. "न्हाई केला."

"का?"

"पोरीला ठावं न्हाई. तिला सांगितलं, ताप आलता त्यात कान गेला. बायको होती तवर तिलाबी तेच सांगितलं. बाप चौकीत मार खाऊन आला, वर चहा पिऊन आला, हे तेरा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं?" त्यांनी भोपळा पुन्हा उचलला. "माझ्यानं अर्ज न्हाई व्हायचा. ती नोंद तुम्ही लिहिली हाय. खोडायची तर तुम्ही खोडा."

सांगायला लाज वाटते, पण मी लगेच अर्ज केला नाही. एकवीस दिवस घालवले. तात्या अडतीस साली गेले. पेठेतल्या लोकांनी त्यांच्या नावाने वाचनालय काढलं आहे. त्यांनी माझी गस्त घातली होती. मेलेल्या माणसाला जाब देता येत नाही, मग त्याला उठवून उभा कशाला करायचा, असं एकदा वाटायचं. आणि सभेत उत्तरदायित्वावर भाषण ठोकायला निघालेली मीच हा उजेड पुसू देणार, हेही समोर दिसायचं. फोटोसमोरून जाताना मी मान खाली घालू लागले. शेवटी एकोणतीस तारखेला अर्ज केला. खरं सांगायचं तर एका गोष्टीचा मला आधार होता. मी नळावर होते. चूक तात्यांची होती, माझी फक्त नोंद खोटी होती. एवढं कबूल करायची माझी तयारी झाली होती.

उजेड ऐकायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. दस्तगीरभाई आले, आणि त्यांच्याबरोबर तबस्सुम. वाटेत त्यांनी तिला सगळं सांगितलं असावं. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिथल्या ध्वनितज्ज्ञ कुंभोजकर बाई शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी आम्हाला समजावून दिलं. "यंत्राला तारेचं ताणणं कळतं, पण भिंत कशी, खोली केवढी हे त्याला माहीत नसतं. त्या खोलीतला एखादा ओळखीचा, ठरावीक आवाज सांगा. त्यावरून ते बाकीचं उलगडतं. जिथं त्याची खात्री नाही तिथं ते गप्प राहतं, मनाने काही भरत नाही."

"तंबोरा होता," दस्तगीरभाई म्हणाले. "त्या वेटोळ्याखालीच टेकवून ठेवलेला. काळी एकच्या सुराला जुळवलेला होता. माझाच हात फिरलेला, त्यामुळं सांगतो."

बाईंनी ते यंत्राला दिलं. सात-आठ मिनिटं गेली. मग खोलीत खरखर सुरू झाली, आणि त्या खरखरीतून हळूहळू माझी चौकी वर आली. मला रडूच कोसळलं. बंडाच्या टपरीवरची कपबशांची किणकिण, समोरच्या दुकानातली कानस, रस्त्यावरून गेलेली सायकलची घंटी. टेबलाचा खण ओढताना कुरकुरायचा तसा कुरकुरला. तात्या खाकरले. सहा वर्षांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, एवढंच ऐकवा आणि बंद करा.

फोन वाजला. तात्यांचा आवाज आला, "हां साहेब. बसवलाय साहेब. हां, बघतो."

मग खुर्ची सरकली. तात्या म्हणाले, "दस्तगीर, एकदाच विचारतो. तंबोरा कुठाय?"

"तात्या, ह्योच हाय त्यो. अल्लाची शपथ."

पुढचा आवाज मी नळावरून ऐकला होता तसा बारीक नव्हता. तो मोठा होता, खोलीतल्यासारखा. त्याच्या धक्क्याने भिंतीला टेकलेला तंबोरा आपोआप वाजला. चारही तारा गुंजल्या आणि गुंजत राहिल्या. यंत्राने ते इतकं स्वच्छ पकडलं होतं की दस्तगीरभाईंनी मान कलती केली, जवारी तपासतात तशी. बाकी सगळं गप्प होतं. चार, पाच, सहा सेकंद.

आणि त्या गुंजण्याच्या आतून एक बाईमाणूस अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालं, "तात्या, चहा सांगू का?"

"सांग. तीन," तात्या म्हणाले.

मी कुंभोजकर बाईंना म्हटलं, हे दुसऱ्या दिवसाचं असेल. त्यांनी पडद्यावर दाखवलं. तेच मिनिट होतं, आणि आवाज वेटोळ्यापासून दोन हातांवर होता. नळ चौकीच्या मागे पंचवीस पावलांवर, तार त्याच्याही जवळून गेलेली. तिथं त्या मिनिटाला कुणीच नव्हतं, नळ बंद होता. पंधरा वर्षं मी त्या नळावर तोंड धूत उभी होते. ते पाणी मला आठवायचं, गार होतं. कुठून आणलं होतं मी ते पाणी कुणास ठाऊक.

पुढे कप ठेवल्याचे आवाज आले. एक घोट, मग बराच वेळाने दुसरा. आणि शेवटी ते वाक्य, जे आठवून मी वर्षानुवर्षं हळवी होत आले होते. "झाला का चहा? मग जावा आता घरला."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. मी म्हटलं, "दस्तगीरभाई, मला खरंच वाटत होतं मी बाहेर हाय."

"मला ठावं होतं तुम्ही आत हायसा," ते म्हणाले. "डाव्या कानात शिट्टी वाजत होती आन् उजव्या कानात तुमचा आवाज आला. मला वाटलं, आता ताई काहीतरी बोलतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तेही त्यांच्यासमोर दाखवायची मला लाज वाटली.

तबस्सुम उठून उभी राहिली. "मॅडम," ती म्हणाली. मावशी म्हणणं गेलं होतं. "रविवारी मी हे सगळं सभेत सांगणार. अब्बा, आता तर ती चौकी एक दिवससुद्धा राहता कामा नये. कुलूप लावून टाकू."

दस्तगीरभाईंनी तिला हात धरून परत बसवलं. "कुलूप लावलंस तर मी तक्रार कुठं देऊ?"

"ठाण्यात द्या. कोर्टात द्या. मी देते ना."

"मार चौकीत खाल्ला. चहा चौकीत प्यालो. नोंद चौकीच्या वहीत हाय. मला त्याच बाकावर बसून लिहून द्यायचं हाय, बाई. तवर तरी उघडी ठेव."

तबस्सुम रडली नाही. तिने वडिलांच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

रविवारी सकाळी नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानात सभा झाली. आधी मी बोलले. म्हटलं, चौकीच्या बाजूने बोलायला आले आहे, पण त्याआधी एका नोंदीची दुरुस्ती करायची आहे. मग सगळं सांगितलं, नळासकट, चहासकट. मधेच वाचनालयाचे चिटणीस उठले. "मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता? देवमाणूस होता तो."

"माझ्यासाठी होता," मी म्हटलं. "अजूनबी हाय. त्यांच्या चहानं शेकडो भांडणं मिटली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पर त्याच चहानं ह्यो मारबी मिटवला. नोंद नंतर करायची म्हटलं की काय लिहायचं ते आम्ही ठरवायचो. चांगल्या मनानं ठरवायचो, म्हणून कुणाला संशय आला न्हाई. मला सुद्धा न्हाई."

मी पुढे म्हटलं की तबस्सुम सांगते ती आठ कामं पथकाला देऊन टाका, आमची दोन माणसंही त्यांना द्या. काठ्या जितक्या कमी तितकं बरं. पण चौकीचं एक दार उघडं ठेवा आणि त्या दारातून आत आलेल्या माणसाचं नाव पहिल्या मिनिटाला लिहिलं गेलं पाहिजे. भिंतीला कान असू दे. आम्हाला आमच्या आठवणीवर सोडू नका, आमच्या आठवणी फार गोड असतात.

तबस्सुम माझ्यानंतर बोलली आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलली. तिने चौकी बंद करा असंच सांगितलं, पण वडिलांकडे बघत शेवटचं वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं. मतदान झालं, मतं मोजली. एकसष्ट मतांनी चौकी राहिली. मी सुचवलं तसं चारांतली दोन माणसं पथकात गेली आणि त्यांचा खर्चही. तबस्सुमने चौकीविरुद्ध मत दिलं, तसं तिने मला तोंडावर सांगितलं. मला ते आवडलं.

मंगळवारी दुपारी दस्तगीरभाई चौकीत आले. जुन्या उजेडावरून निघालेल्या तक्रारीला मुदतीची अट नव्हती. मला त्यांनी निरोप पाठवला होता, म्हणून मी आधीच येऊन बसले होते. चौदा वर्षं त्या चौकीत काढली, पण बाकावर पहिल्यांदाच बसत होते. बाक फार अरुंद आहे. समोर खुर्चीत हवालदार सनदी होते, पंचेचाळिशीचे, माझ्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी दस्तगीरभाईंना बघितलं, मला बघितलं आणि खिडकीकडे वळले. टपरीवर आता बंडाची सून असते. सनदींनी हात बाहेर काढून तीन बोटं दाखवली.

"आधी लिहून घ्या," दस्तगीरभाई म्हणाले.

सनदींनी हात आत घेतला आणि नोंदवही पुढे ओढली. दस्तगीरभाई सावकाश सांगत गेले. तारीख, वार, वेळ, तंबोरा, फोन, कान. कुठंही आवाज चढवला नाही. तात्यांचं पूर्ण नाव त्यांना माहीत होतं, ते त्यांनी सांगितलं. मग ते थांबले. सनदींनीही पेन थांबवलं. पुढचं नाव कुणाचं ते त्यांना समजलं होतं.

"मॅडम, तुमचं साक्षीदारात घेतो," ते हळूच म्हणाले.

"न्हाई. वरच्या रकान्यात घ्या, तात्यांच्या नावाखाली," मी म्हटलं आणि त्यांना लिहायला सोपं जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून सांगितला. "उज्ज्वला बाळगोंडा मगदूम. वय अठ्ठावन्न. घटनेच्या वेळी खोलीत हजर होती."

त्यांनी लिहिलं. मी वाकून वाचलं. अक्षर चांगलं होतं.

तेवढ्यात चहा आला. तीन कप, तोच आल्याचा वास. बाहेर कुणीतरी तंबोरा जुळवत होतं आणि मला तात्या आठवले, खिडकीतून बोटं दाखवणारे. त्यांच्यावर मला रागही आला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. सनदींनी एक कप मला दिला, एक दस्तगीरभाईंच्या पुढे धरला.

"मला नको," दस्तगीरभाई म्हणाले.

सनदी कप धरून तसेच उभे राहिले, त्या चौकीत असं कधी झालं नव्हतं म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आग्रह केला नाही.